लाटा का काढल्यास? एका डिझाइन इंटर्नशिपचं प्रकरण

डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आमच्या प्रकाशनात बारा आठवडे इंटर्न होती, आणि चौथ्या आठवड्यात तिच्या एका चित्रामुळे आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली मोठी चूक सापडली, ती पण तिला स्वतःला पत्ता नसताना. मी तिची मेंटॉर होते. त्यामुळे यातला बराचसा दोष माझ्याकडे येतो आणि तो मी लपवणार नाहीये. नावं कुणाचीच घेत नाही, पुस्तकाचंही नाही, पण जे घडलं ते क्रमाने लिहिते, कारण इंटर्नला काम कसं द्यावं यावर माझं मत या एका प्रकरणाने पार बदललं आणि जे विद्यार्थी प्रकाशनात इंटर्नशिप शोधतायत त्यांनाही याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

पुस्तक डोंगरभटकंतीचं. लेखकाची तीसेक वर्षांची भटकंती, बारा प्रकरणं, आणि लिखाण एवढं छान की आमच्या संपादकबाईंनी हस्तलिखित दोन बैठकीत संपवलं होतं. मुखपृष्ठाचं चित्र बाहेरच्या एका चित्रकाराकडून आधीच आलेलं. राहिलं होतं ते आतलं सगळं, म्हणजे पानांचा ले-आउट, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीचं छोटं रेखाचित्र, स्पाइन (पुस्तकाचा कणा, शेल्फमध्ये दिसते ती कड), मलपृष्ठ.

पहिले तीन आठवडे

मुलगी आली तेव्हा आमच्याकडे एकाच वेळी पाच-सहा पुस्तकं सुरू होती, आणि अशा वेळी इंटर्नचं जे होतं तेच तिचंही झालं. या पुस्तकाचा सोशल मीडिया पोस्टर कर, त्या पुस्तकाचा मॉकअप कर, कॅटलॉगमधली कव्हरं एका साइजला आण, जुन्या फाइलमधले फोटो ३०० डीपीआयचे आहेत का बघ. ती सगळं वेळेत करायची, न कुरकुरता. आणि मला वाटत होतं की सगळं मस्त चाललंय, मुलगी शिकतेय, तिला दहा पुस्तकांना हात लावायला मिळतोय.

आता मागे वळून बघताना दिसतं की तिला दहा पुस्तकांना हात लावायला मिळत होता, पण एकही पुस्तक तिचं नव्हतं. पोस्टर करायला पुस्तक वाचावं लागत नाही, नाव आणि कव्हर पुरतं. तीन आठवड्यात तिने आमच्या एकाही पुस्तकाचं एक पूर्ण पानसुद्धा वाचलं नव्हतं, आणि ते वाच असं तिला कुणी म्हटलंही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात मी तिला डोंगरांच्या पुस्तकाची रेखाचित्रं दिली. बारा प्रकरणं, बारा छोटी चित्रं, एका रंगात, प्रत्येकी अर्ध्या तळहाताएवढी. ब्रीफ म्हणून मी काय दिलं तर एक पानभर ईमेल. त्यात प्रकरणांच्या नावांची यादी, चित्राचं माप, रेघेची जाडी अर्ध्या पॉइंटपेक्षा कमी नको कारण खडबडीत कागदावर बारीक रेघ तुटते, आणि डेडलाइन. हस्तलिखित दिलं नाही. का नाही दिलं याचं खरं उत्तर असं की मला सुचलंच नाही. दोनशे पानं वाचायला तिला कुठे वेळ आहे, आणि चित्रं तर सजावटीची आहेत, असं काहीतरी डोक्यात असणार.

लाटा

चार दिवसांनी ती बारा चित्रं घेऊन आली. मी टेबलावर एका ओळीत मांडली. तंबू, काठी, दोराची गाठ, ढगात गेलेला सुळका, सगळं नीट, हात चांगला आहे तिचा. आणि सातव्या चित्रात समुद्राच्या लाटा. एकावर एक चढलेल्या पाच-सहा लाटा, शेवटच्या लाटेच्या टोकाला फेसाचे ठिपके, फार सुंदर काढलेल्या.

मी विचारलं, "अगं, इथे लाटा का काढल्यास?"

ती म्हणाली, "ताई, दर्या आहे ना."

मला क्षणभर कळेना. मग तिने मलाच माझी ईमेल दाखवली. सातवं प्रकरण: 'दर्या ओलांडताना'. माझ्याच यादीत, माझ्याच हाताने पाठवलेलं. प्रकरणाचं खरं नाव 'दऱ्या ओलांडताना'. दोन डोंगरांमधल्या दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन, आणि दोन्हीत फरक फक्त एवढाच की एकीकडे य च्या डोक्यावर रफार आहे आणि दुसरीकडे य च्या आधी तो आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा र. तिने जे वाचलं त्याप्रमाणे अगदी बरोबर चित्र काढलं होतं. उलट आम्हीच कुणी वाचलं नव्हतं, आम्ही जे माहीत होतं तेच बघत होतो. संपादकबाईंनी यादी पाहिली, मी पाहिली, प्रॉडक्शनवाल्याने पाहिली, सगळ्यांना 'दऱ्या' दिसलं, कारण सगळ्यांना पुस्तक डोंगराचं आहे हे ठाऊक होतं.

हे झालं कसं तेही सांगते. लेखकाने मजकूर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी, आता सगळीकडे चालणारी पद्धत). त्या फॉन्टमध्ये हा अर्धा र एका वेगळ्या बटणावर असतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो र नसतोच, नुसतं एक चिन्ह. संपादकबाईंनी वाचलेली प्रत त्याच जुन्या फॉन्टमधून प्रिंट केलेली, त्यात सगळं बरोबर. मग फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली आणि तिथे माशी शिंकली. युनिकोडमध्ये ऱ्य उमटायला खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम लागतो. कन्व्हर्टरने प्रत्येक ठिकाणी साधा र घेतला, आणि साधा र, हलन्त, य म्हणजे रफार. बदललेली फाइल कुणी वाचली नाही कारण मुद्रितशोधन ले-आउट झाल्यावर होणार होतं. मी प्रकरणांची यादी त्याच फाइलमधून कॉपी केली.

मुलीचा चेहरा पडला होता. तिला वाटलं तिचंच चुकलं, "मला विचारायला हवं होतं, डोंगराच्या पुस्तकात समुद्र कसा," असं म्हणत राहिली. मग हळूच हेही सांगितलं की तिला शंका आली होती, दोन दिवस मनात होती, पण वाटलं की लेखकाने उपमा म्हणून दर्या वापरला असेल, धुक्याचा दर्या वगैरे, आणि मी इंटर्न, टेक्स्टबद्दल मी काय बोलणार. हे वाक्य मला फार लागलं. शंका दोन दिवस मनात ठेवावी लागते असं वातावरण मी केलं होतं, आरडाओरडा करून नाही, फक्त तिला पुस्तकाच्या बाहेर ठेवून.

रफारांची शोधाशोध

त्या दिवशी दुपारी मी तिला पूर्ण मजकूर दिला, प्रिंट काढून, आणि म्हटलं बाकी सगळं बाजूला ठेव, हे वाच. पोस्टर दुसऱ्या कुणीतरी केले. प्रॉडक्शनमध्ये थोडी नाराजी झाली, होऊ दिली.

पहिला मोह असा होतो की सगळे र्य शोधा आणि एका फटक्यात ऱ्य करून टाका. तसं करता येत नाही. मजकुरात सूर्योदय आहे, आश्चर्य आहे, धैर्य, पर्याय, मर्यादा, शर्यत आहे, तिथे रफारच हवा. आणि पायर्या, वार्यावर, कोपर्यात, किनार्याला हे सगळे चुकलेले. स्पेलचेक निम्म्या ठिकाणी मदत करतो, पायर्या हा शब्द नाही हे त्याला कळतं, पण दर्या हा शब्द आहे ना, तो कशाला लाल रेघ मारेल. तिने शोधाच्या खिडकीत र्य टाकून एकेक जागा बघितली, वाक्य वाचलं, आणि एक तक्ता केला: पान, ओळ, आत्ता काय आहे, काय असायला हवं असं तिला वाटतं. शंभराच्या बऱ्याच वर जागा निघाल्या. मग तिच्याच लक्षात आलं की ह च्या बाबतीतही हेच झालं असणार, आणि खरंच, तऱ्हा चं तर्हा झालेलं, ऱ्हास चं र्हास. तिथे काम सोपं, कारण र्ह मध्ये खरा रफार क्वचित येतो, अर्हता, गर्हणीय असे मोजके शब्द.

एक जागा तर अशी होती की मी स्वतः प्रूफ वाचलं असतं तरी सुटली असती. मोहिमेतल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाबद्दल एक परिच्छेद आहे, त्याने बर्फ वितळवून पाणी केलं वगैरे. मूळ वाक्य 'आचाऱ्याने आम्हाला वाचवलं'. फाइलमध्ये 'आचार्याने आम्हाला वाचवलं'. व्याकरणाने बरोबर, अर्थानेसुद्धा चालून जाईल, कुणीतरी गुरुजी बरोबर असतील असं वाटेल. तिने आधीची दोन पानं वाचली होती म्हणून तिला माहीत होतं की हा माणूस स्टोव्ह पेटवतोय, आचार्य नाही. त्या ओळीपुढे तिने पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "हे स्वयंपाकी काका आहेत."

आणि एक गोष्ट तिने फार शहाणपणाने केली, मी न सांगता. एकही अक्षर स्वतः बदललं नाही. तक्ता संपादकबाईंकडे दिला, त्यांनी प्रत्येक ओळीवर खूण केली, मग बदल. डिझायनरने टेक्स्टला परस्पर हात लावायचा नाही हा नियम बरोबरच आहे. पण त्या नियमाचा अर्थ 'डिझायनरने टेक्स्ट वाचायचा नाही' असा होऊन बसतो, आमच्याकडे झालाच होता.

वाचल्यावर पानं कशी दिसू लागली

इथून पुढची गंमत मला जास्त महत्त्वाची वाटते. चूक सापडली ते ठीक, पण पूर्ण पुस्तक वाचलेली इंटर्न ले-आउटकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

आमचं टेम्प्लेट होतं साडेपाच बाय साडेआठ इंचाचं, १२ पॉइंट अक्षर, १५ पॉइंट लीडिंग (म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर), पानाला ३२ ओळी. हे टेम्प्लेट मुळात इंग्रजी पुस्तकांसाठी केलेलं आणि मराठीला तसंच चिकटवलेलं, अनेक ठिकाणी असंच चालतं. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, मी तीस पानांनंतर ओळ चुकते, परत वरचीच ओळ वाचते." मी पान जवळून बघितलं. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय, असा दोन्हीकडे पसारा असतो. वरच्या ओळीत 'सुद्धा' आणि बरोबर त्याखाली 'शर्यतींत' आलं की द्ध चा पाय आणि वेलांटीचा माथा जवळजवळ भिडतात आणि दोन ओळींमधली पांढरी पट्टी तुटते. डोळा त्या पांढऱ्या पट्टीवरून परत येतो. ती तुटली की वाचणारा अडखळतो, त्याला कारण कळत नाही, फक्त पुस्तक जड वाटतं.

तिने १६, १७, १८ अशी तीन लीडिंगं लावून तेच एक पान तीन वेळा प्रिंट केलं आणि आम्ही चौघांनी स्क्रीनवर नाही, कागदावर वाचलं. १७ ठरलं. त्याच वेळी अजून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरांच्या सेटिंगच्या कॅरेक्टर पॅनेलमध्ये, भाषा मराठी निवडलेली नव्हती, त्यामुळे फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे उमटत होते. भाषा बदलल्याबरोबर पान घरचं दिसायला लागलं. (ज्यांना इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसतात, हलन्त वेगळा लटकतो, त्यांनी आधी पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारं सेटिंग) लावलाय का ते बघावं, नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं.) दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंनी सरळ केलेल्या ओळीत 'डोंगरकड्यांवरच्यासारखा' असा लांबलचक शब्द मावला नाही की तो अख्खा खाली जायचा आणि वरच्या ओळीतल्या शब्दांमध्ये मोठ्या फटी पडायच्या. अशा ओळी तिने शोधून काढल्या आणि जिथे शब्द नैसर्गिक तुटतो, म्हणजे डोंगर, मग कड्यां, मग वरच्या, तिथे हायफन टाकायची परवानगी संपादकबाईंकडून घेतली.

आता लीडिंग वाढवलं की पानं वाढणार. ३२ ओळींचं पान २८ ओळींचं झालं. पुस्तक आधी २०८ पानांचं धरलेलं, ते सगळं हिशेबात घेऊन २३६ पर्यंत गेलं. आणि छपाई सोळा पानांच्या फॉर्मात होते, म्हणजे पानसंख्या सोळाच्या पटीत, म्हणजे २४०. तेरा फॉर्मचे पंधरा फॉर्म झाले. प्रॉडक्शनवाल्याचा साहजिकच विरोध, कागद वाढला, खर्च वाढला. मी मधे पडले नाही मुद्दाम. तिने काय केलं तर जुन्या आणि नव्या ले-आउटची एकेक प्रकरणाची प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "दादा, दोन्ही वाचून बघा आणि मग तुम्ही म्हणाल तसं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं की चार कोरी पानं शेवटी राहतायत तिथे आपल्या पुस्तकांची यादी टाकू.

आणि मग स्पाइन. इथे ती परत अडकली आणि इथेच तिला पुस्तक म्हणजे वस्तू आहे हे कळलं, तिच्याच शब्दात. मुखपृष्ठ, स्पाइन, मलपृष्ठ ही एकच फाइल असते आणि ती तिने २०८ पानांच्या हिशेबाने आधीच करून ठेवली होती. हिशेब साधा आहे. कागद ८० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम), बल्क १.६ (वजनाच्या मानाने कागद किती फुगीर आहे तो आकडा, दोन्हींचा गुणाकार म्हणजे जाडी), म्हणजे एका पानपत्राची जाडी ०.१२८ मिलिमीटर. २०८ पानं म्हणजे १०४ पत्रं, १३.३ मिलिमीटर, त्यात कव्हरचं कार्ड आणि गोंद धरून १४. आता २४० पानं म्हणजे १२० पत्रं, १५.४, धरून १६. फरक दोन मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही. पण तिच्या कव्हरवर स्पाइन गडद हिरवा आणि मुखपृष्ठ फिकट धुक्याच्या रंगाचं, दोघांच्या मधे सरळ कडक रेघ. १४ ची फाइल १६ च्या पुस्तकावर चढवली की दोन्ही कडांना एकेक मिलिमीटर चुकतो, धुकं स्पाइनवर दिसतं, शेल्फमध्ये पुस्तक उभं केलं की पहिली नजर तिथेच जाते.

तिने फाइल बदलून १६ केली आणि काम झालं असं समजली. मी म्हटलं, आता डमी कर. प्रिंटरकडून त्याच कागदाची १२० कोरी पत्रं आणली, बाइंडरकडून तशीच परफेक्ट बाइंडिंग (कडेला गोंद लावून केलेली बांधणी) करून घेतली आणि तिने कव्हरची प्रिंट त्यावर गुंडाळली. घडी नेमकी रेघेवर बसलीच नाही, अर्धा मिलिमीटर इकडे. दुसऱ्यांदा तिकडे. बाइंडर म्हणाले की हजार प्रतींत प्रत्येक प्रत थोडी हलणारच, मशीन आहे. तेव्हा तिने रेघच काढून टाकली. स्पाइनचा हिरवा मुखपृष्ठावर काही मिलिमीटर आत नेला आणि तिथे तो धुक्यात हळूहळू विरत जाऊ दिला, झाडीची कड जशी विरते. आता घडी कुठेही बसो, दिसत नाही. हे मी शिकवलं नव्हतं. कोरी डमी हातात धरून ती अर्धा तास खिडकीपाशी उभी होती, तेव्हा सुचलेलं.

बारकोड आणि व्ही

मलपृष्ठावरची एक चूक थोडक्यात सांगते कारण ती प्रत्येक विद्यार्थ्याकडून होते. बारकोडचा काळा रंग तिला डोळ्यात खुपत होता, म्हणून तिने पट्ट्या विटकरी केल्या. दिसायला छान. पण बारकोडचे बरेचसे स्कॅनर लाल प्रकाश टाकतात आणि लाल प्रकाशाला लाल-विटकरी पट्टी आणि पांढरा कागद जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणजे दुकानात पुस्तक स्कॅनच होणार नाही. पट्ट्या शुद्ध काळ्या, मागे पांढरं, आजूबाजूला मोकळी जागा, आणि माप ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नये. पूर्ण माप ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर असतं. २००७ पासून आयएसबीएन, म्हणजे बारकोडमधला पुस्तकाचा ओळख-क्रमांक, तेरा आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी दिसतो, पुनर्मुद्रणाच्या वेळी जुनाच आकडा डकवला जातो तेही तपासायला तिला सांगितलं.

सातव्या प्रकरणाच्या चित्राचं काय झालं ते राहिलं. लाटा गेल्या. त्यांच्या जागी तिने नकाशातल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) काढल्या, एकात एक सरकलेल्या वाकड्या रेघा, लांबून बघितलं तर जुन्या लाटांची आठवण होते. लेखक अंतिम प्रूफ बघायला आले होते. ते सातव्या चित्रापाशी थांबले, चष्मा वर केला, कागद फिरवून बघितला. मला वाटलं काहीतरी चुकलं. दरीत समोच्च रेषेचा जो व्ही होतो त्याचं टोक चढाकडे असतं आणि डोंगराच्या सोंडेवर टोक उताराकडे असतं, चित्रकार हे नेहमी उलट काढतात, असं ते म्हणाले. हिचं बरोबर होतं. त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही ट्रेकिंग करता का?"

ती म्हणाली, "नाही सर, तुमच्या तिसऱ्या प्रकरणात आहे."

छापून झाल्यावर

पुस्तक अकराव्या आठवड्यात छापून आलं, म्हणजे तिची मुदत संपायच्या आत, याचा मला फार आनंद आहे. बहुतेक इंटर्नना आपण काम केलेलं पुस्तक हातात घ्यायला मिळत नाही, ते कॉलेजला परत गेलेले असतात. फॉर्म मशीनवर असताना मी तिला छपाईला घेऊन गेले. तिथे तिने भिंगातून स्वतःची अर्ध्या पॉइंटची रेघ बघितली आणि टेक्स्ट फक्त काळ्या शाईत का ठेवायचा, चार रंगांतून काळा का करायचा नाही, हे मी तोंडाने सांगितलेलं तिला तिथे एका सेकंदात पटलं, कारण शेजारच्या मशीनवर कुणाच्या तरी दुसऱ्याच कामात रंग किंचित सरकून बारीक अक्षरांना लाल-निळी कड आली होती.

श्रेयाच्या पानावर तिचं नाव आहे, 'अंतर्गत मांडणी आणि रेखाचित्रे' असं, 'सहाय्य' म्हणून नाही. यावर आमच्यात चर्चा झाली होती, इंटर्नचं नाव कशाला, असा एक सूर होता. माझं म्हणणं सरळ होतं, काम तिने केलंय. मानधनाबद्दलही हेच म्हणते, जे काम पुस्तकात छापलं जातं आणि विकलं जातं त्याचे पैसे द्यायचे, शिकायला मिळतंय ना हे उत्तर चालत नाही. आणि विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्यावं की माझं नाव येईल का, काम पोर्टफोलिओत कधीपासून दाखवू शकते, कारण कव्हर जाहीर व्हायच्या आत दाखवलं तर प्रकाशकाची अडचण होते आणि मुलांना हे कुणी सांगत नाही.

तिने पोर्टफोलिओत काय ठेवलं ते बघून मला भरून आलं. कव्हर शेवटी, छोटं. सुरुवातीला लाटांचं चित्र, त्याखाली माझी ईमेल (माझी परवानगी घेऊन), मग रफारांच्या तक्त्याचं एक पान पेन्सिलीच्या खुणांसकट, मग एकच पान १५ आणि १७ लीडिंगमध्ये शेजारी शेजारी, मग कोऱ्या डमीचा फोटो. कॉलेजात तिच्या एका शिक्षकांनी म्हणे विचारलं की यात डिझाइन कुठे आहे. तिने त्यांना यान त्सिखोल्ड या नामवंत पुस्तक-डिझायनरांचं उदाहरण दिलं, जे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. १९४७ ते १९४९ मध्ये ते पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनात होते, आणि तिथे त्यांनी अक्षरजुळणीचे नियम लिहून काढले, चार पानांचे, शब्दांमधली जागा किती, विरामचिन्हं कशी, परिच्छेद कसा सुरू करायचा. एवढा मोठा डिझायनर या बारीक गोष्टींवर अडून बसला होता. शिक्षकांना पटलं की नाही मला माहीत नाही.

आमच्याकडे आता पद्धत बदलली आहे. इंटर्न आला की एक पुस्तक त्याचं, हस्तलिखितापासून डमीपर्यंत, पोस्टर बिस्टर उरलेल्या वेळात. कन्व्हर्ट केलेली फाइल ले-आउटला जायच्या आधी मूळ प्रिंटशी ताडून वाचली जाते, र्य आणि र्ह आधी. ब्रीफमध्ये एक ओळ वाढवली आहे की मजकुरात काही खटकलं तर त्याच दिवशी सांगायचं, खात्री नसली तरी. सध्याचा मुलगा परवा आलाय. त्याला एका कादंबरीची प्रिंट आणि एक पेन्सिल दिली आहे, तो कालपासून कोपऱ्यात बसून वाचतोय, आज ऐंशीव्या पानावर आहे, अजून कॉम्प्युटर सुरू केलेला नाही.